खोकल्याला आवाज होता

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरत आली होती. होम मैदानावरचे पाळणे अजून फिरत होते, पण पोरांच्या खिशातले पैसे संपले होते, त्यामुळे त्या सोमवारी चौथी 'ब' पुन्हा पूर्ण भरली होती. मी हजेरीपट उघडला, पहिलं नाव घेतलं आणि तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. घसा खाकरला. खाकरण्याला आवाज होता, चांगला खणखणीत. पुन्हा नाव घेतलं. पुन्हा हवाच.

पोरांना वाटलं, बाईंनी काहीतरी नवा खेळ काढलाय. पहिल्या बाकावरच्या मुलानं माझ्यासारखंच कुजबुजत "हजर बाई" म्हटलं. मग पुढच्या मुलीनं, मग सगळ्या वर्गानं. ४२ मुलांची हजेरी मी ओठ हलवून घेतली आणि ४२ मुलांनी ती कुजबुजत दिली. आमची शाळा पूर्व भागात आहे. मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. त्यांची खटखट सकाळपासून सुरू असते आणि १९ वर्षं मी तिच्यावर आवाज चढवूनच शिकवत आले. त्या दिवशी वर्गात बसून मला मागांचा एकेक ठोका मोजता येत होता.

घसा बसणं आम्हा शिक्षकांना नवं नाही. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात कुणाचा ना कुणाचा बसतोच. स्टाफरूममध्ये ज्येष्ठमधाची काडी या हातातून त्या हातात जाते. पण बसलेला आवाज घोगरा असतो, फाटका असतो, कसा का होईना, असतो. माझा नव्हताच. घसा दुखत नव्हता, ताप नव्हता, गिळायला त्रास नव्हता. हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफ घेऊन झाली. शेजारच्या मावशी "काय खाल्लीस गं गड्ड्यात?" म्हणाल्या आणि मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्टही काढून गेल्या.

पहिल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा ते माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांना म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. घरात काही टेन्शन? बायकांचं होतं असं. लक्ष देऊ नका, आपोआप बोलतील." मी तिथंच, हातभर अंतरावर बसले होते. त्या रात्री टीव्हीवर काहीतरी बघताना मला हसू आलं. हसले ते मोठ्यानं, आवाजानं. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत, पण त्या बघण्यात जी शंका होती ती मला सगळ्या आजारपणापेक्षा जास्त लागली. हसता येतं, खोकता येतं, शिंकता येतं, मग बोलता का येत नाही? हा प्रश्न मलाही पडलाच होता की. रात्री न्हाणीघरात दार लावून, नळ सोडून मी स्वतःचं नाव घ्यायचा प्रयत्न करायची. येत नव्हतं.

याचं उत्तर कान-नाक-घशाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे मिळालं. त्यांनी जीभ हातरुमालात धरून तोंडातून दुर्बीण आत घातली आणि समोरचा पडदा माझ्याकडे वळवला. "बघा तुम्ही पण." पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, नारळाच्या ओल्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या आणि ओलसर, मध्ये काळी त्रिकोणी फट. "ई म्हणा." मी म्हणायला गेले. पट्ट्या एकमेकींजवळ आल्या आणि मध्येच थांबल्या. फट तशीच राहिली, तिच्यातून हवा निघून गेली. "आता खोका." मी खोकले आणि त्याच दोन पट्ट्या फटकन मिटल्या, आवाज आला. "दिसलं?" ते म्हणाले. "गाठ नाही, सूज नाही, नस शाबूत आहे. नस गेली असती तर खोकतानाही मिटल्या नसत्या. तुम्ही नाटक करत नाही आहात. हे खरं आहे, आणि हे बरं होतं."

"नाटक" हा शब्द मी त्यांच्यासमोर काढलाच नव्हता. त्यांनी तो आपण होऊन काढला. अशा रुग्णांना तो कुणीतरी आधी ऐकवलेला असतो, हे त्यांना ठाऊक असणार.

बाईच्या साध्या बोलण्यात या पट्ट्या सेकंदाला साधारण २०० वेळा मिटतात-उघडतात. तासभर सलग बोललं तर ७ लाखांहून जास्त वेळा. हे सगळं चालतं ते अंधारात, आपल्या नकळत. जिवंत माणसाच्या बोलत्या गळ्यातलं हे दृश्य नीट पाहण्याचं श्रेय सहसा मान्युएल गार्सिया या गाणं शिकवणाऱ्या स्पॅनिश माणसाला देतात. १८५४ मध्ये त्यानं दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचं स्वरयंत्र स्वतःच पाहिलं. मला हे नंतर कळलं तेव्हा वाटलं, आमच्या सोलापुरात उन्हाला काय तोटा! पण आपल्याकडे घशात डोकावून बघण्याआधीच माणसाबद्दलचा निकाल लागलेला असतो.

मनाच्या ताणापोटी आवाज जाणं, बदलणं, घोगरा होणं, बोलताना गळा आवळल्यासारखा होणं याची नोंद जुनी आहे. पहिल्या महायुद्धात आघाडीवरून परतलेल्या कितीतरी सैनिकांची वाचा गेली होती. त्यांना विजेचे झटके दिले गेले. एका जर्मन डॉक्टरनं तर स्वरयंत्रात धातूची छोटी गोळी सोडून घुसमटीच्या भीतीनं रुग्णाला ओरडायला लावायची पद्धत काढली. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडकडे १९०० मध्ये आलेल्या व्हिएन्नातल्या एका १८ वर्षांच्या मुलीचाही आवाज जाई. तिच्या प्रकरणावरून पुढं बरीच वर्षं असं मानलं गेलं की गेलेला आवाज म्हणजे मनाच्या तळाशी दडपलेल्या एखाद्या गोष्टीची खूण, आणि ती उकरून काढली की काम झालं.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ पीटर बुचर आणि त्यांच्यासोबतच्या वाचा-उपचारतज्ज्ञांना प्रत्यक्षात वेगळं दिसलं. नुसत्या आवाजाच्या व्यायामांनी बरे न होणाऱ्या रुग्णांवर त्यांनी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धत, वापरून बघितली आणि १९८७ मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात कुठलंही गूढ दडलेलं नव्हतं. बहुतेक बायका होत्या, दीर्घकाळ ताणाखाली, इतरांची जबाबदारी अंगावर घेतलेल्या, मनातलं न बोलणाऱ्या. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, हाउस आणि अँड्र्यूज या ब्रिटिश संशोधकांनी अशाच बायकांना आवाज जाण्याआधीच्या काळाबद्दल बारकाईनं विचारलं. निम्म्याहून जास्त जणींच्या आयुष्यात तेव्हा एक पेच उभा होता: बोलायला तर हवं, पण बोललं तर काहीतरी मोडेल. आवाजाची तक्रार नसलेल्या बायकांत असा पेच फार थोड्या जणींच्या वाट्याला आला होता.

हे वाचताना मी एकटीच माजघरात बसले होते. भोगीचा दिवस आठवला.

भोगीला आम्ही आईकडे जेवायला होतो. बाळीवेशीतलं आमचं जुनं घर, वडिलांनी बांधलेलं. वडील आदल्या वर्षी गेले. बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, लोण्याचा गोळा. जेवता जेवता दादा म्हणाला की कागद तयार आहेत, २८ तारखेला निबंधक कार्यालयात येऊन सही करून जा. हक्कसोडपत्राची सही. त्याचा चादरीचा कारखाना दोन वर्षं तोट्यात होता, बँकेला घर तारण हवं होतं, आणि त्यासाठी घर त्याच्या एकट्याच्या नावावर व्हायला हवं होतं. आईचाही अंगठा घेणार होता. "तुला काय कमी आहे? नोकरी आहे, मालक कमावते आहेत. दिवाळीला चांगली इरकल घेतो तुला." वहिनीनं माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली. मी मान हलवली.

वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये दिला, सगळ्या देशात तो २००५ मध्ये आला. मला हे ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये दुसऱ्या बाईंना मीच कधीतरी समजावून सांगितलं होतं. तरीसुद्धा साडीचोळी घेऊन भावाला सही देणं हेच चांगल्या बहिणीचं लक्षण आहे, असं आपल्याकडे घराघरांत चालत आलंय आणि माझ्याही अंगात ते भिनलेलं होतं. खरं तर मला वाटा नकोच होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं: आई आहे तोवर हे घर तारण ठेवायचं नाही. कारखाना बुडाला तर आई कुठं जाईल? एवढंच. ते वाक्य मी भोगीपासून मनात घोळवत होते, भांडी घासताना, रिक्षात, वह्या तपासताना. आठ दिवसांच्या आत आवाज गेला.

वाचा-उपचार करणाऱ्या ताई शनिवारी यायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. त्यांनी बोलायला सांगितलंच नाही. "खोका," म्हणाल्या. खोकले. "आता हळू खोका आणि खोकल्याच्या शेवटी आवाज थोडा लांबवा." खोकला, आणि त्याला लागून एक छोटासा 'अं'. त्यांनी अंगठा आणि बोट माझ्या गळ्याच्या घाटीच्या दोन्ही बाजूंना ठेवलं आणि हलकेच खाली दाबत, चोळत राहिल्या. तिथं स्नायू दगडासारखे झाले होते, दुखलं. "आता तो 'अं' तोंड मिटून. म्म्." नाकाच्या शेंड्याला मुंग्या आल्यासारखं झालं, म्हणजे आवाज होता. "म्म्... मा." मा. "मामा. मीठ. माठ. मोगरा." अर्ध्या तासानं मी त्या खोलीत चौथी 'ब' ची पूर्ण हजेरी मोठ्यानं म्हणून दाखवली. बाहेर बाकावर बसलेल्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "हॅलो" म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा नुसती हवा.

पुढच्या शनिवारी हे कळल्यावर ताईंना अजिबात धक्का बसला नाही. "आवाज कसा काढायचा ते गळ्याला आठवलंय. पण तो का थांबतो, ते आता दुसरीकडे बघायला हवं," असं म्हणून त्यांनी विजापूर रोडवरच्या एका समुपदेशक मॅडमचा पत्ता दिला. मी चार दिवस गेले नाही. मला वेड लागलेलं नाही, हे मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "लागलेलं नाहीच. पण तुझा आवाज मला हवाय." तेव्हा गेले.

२८ तारीख तशीच गेली. आजारी बहिणीला सहीला कसं न्यायचं, म्हणून दादानं ती पुढं ढकलली. मॅडमनी हे ऐकून वहीत नोंदवलं. मी कागदावर लिहिलं: म्हणजे मी मुद्दाम केलं का? त्या म्हणाल्या, "नाही. तापानं परीक्षा चुकली म्हणून ताप मुद्दाम आणलेला नसतो. पण सहीची वेळ टळली, तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं, हे शरीरानं टिपून ठेवलं असेल. त्यात तुमचा दोष नाही."

सीबीटीबद्दल माझी कल्पना अशी होती की गादीवर पडून लहानपणचं सगळं सांगायचं. तसं काही नव्हतं. समोरासमोर दोन खुर्च्या आणि मध्ये वही. या पद्धतीची मुळं न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस आणि फिलाडेल्फियाचे ॲरन बेक यांच्या १९५०-६० च्या दशकांतल्या कामात आहेत. एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी आपल्याकडे रुजवण्यात मुंबईच्या कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ती अगदीच परकी नाही. गाभा साधा आहे. घटना घडते, तिच्याबद्दल मनात एक विचार चमकून जातो, आणि शरीरात, भावनेत, वागण्यात जे होतं ते बरंचसं त्या विचारामुळं होतं. विचार इतका झपाट्यानं येतो की तो आला हेच कळत नाही. म्हणून तो आधी लिहून पकडायचा.

माझ्या वहीत रकाने होते: काय झालं, मनात काय आलं, शरीरात काय झालं, आवाज कसा होता. दोन आठवडे मी ते भरले. पहिल्यांदा वाटलं, ही शाळेच्या दप्तरात अजून एका नोंदवहीची भर. पण दहाव्या दिवशी पान उलटून बघितलं तर नमुना उघडा पडला. भाजीवालीशी आवाज येत होता, थोडा घोगरा. वर्गात कुजबुज, पण मधल्या सुट्टीत मुलींशी बोलताना येत होता. मुख्याध्यापकांच्या खोलीत बंद. सासूबाईंशी अर्धा. दादाचं नाव फोनवर दिसलं की, उचलायच्या आधीच, गळा वर ओढला जायचा. रकान्यात मी लिहिलं होतं, "घाटी वर चढते." आवाज माझ्याजवळच होता. कुणापुढं काढायचा आणि कुणापुढं नाही, हे आतून ठरत होतं.

मग मॅडमनी एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि त्याच प्रश्नानं मला तळापर्यंत नेलं. तोवर त्यांच्या खोलीत माझा आवाज बारीक का होईना, येऊ लागला होता.

"दादाला ते वाक्य बोललात तर काय होईल?"

"तो चिडेल."

"चिडला तर?"

"म्हणेल, बहीण असून पैशाला हपापली."

"तसं म्हणाला तर?"

"माझं माहेर तुटेल."

"तुटलं तर?"

मी बराच वेळ गप्प होते. खाली रस्त्यावर एसटी वळत होती, तिचा हॉर्न ऐकू आला. मग मी म्हणाले, "मग मी कुणाचीच कुणी राहणार नाही."

हे वाक्य माझ्याच तोंडून ऐकून मी दचकले. शिकलेली, नोकरी करणारी, दोन मुलांची आई असलेली बाई आणि तिच्या आत हे बसलंय. मॅडमनी विचारलं, हे कधीपासून वाटतं? मला आईचा शब्द आठवला. आई कर्नाटकातली. रागावली की कन्नडमध्ये जाते. लहानपणी दादाशी भांडण झालं, जेवताना मी जास्त बोलले, पाहुण्यांसमोर प्रश्न विचारला, की आई म्हणायची, "सुम्निरु." गप्प बैस. दादालाही म्हणायची, पण तो ऐकायचा नाही. मी ऐकायची आणि मग आई मला जवळ घ्यायची. गप्प बसलं की जवळ घेतात, हे मी सहा-सात वर्षांची असताना शिकले आणि ४४ व्या वर्षापर्यंत तपासून बघितलं नाही.

मॅडमनी आईला दोष दिला नाही, मलाही देऊ दिला नाही. आईच्या सासरी तिलाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. त्यांना रस होता तो विचार आज खरा आहे का, यात. "पुरावा मांडू या," म्हणाल्या. एका बाजूला: दादा चिडतो, वहिनी टोमणे मारते, गावातल्या आत्यानं हक्क मागितला तेव्हा तिच्याशी दहा वर्षं कुणी बोललं नाही. हे खरंच घडलेलं होतं, आणि मॅडमनी ते हलकं केलं नाही. मला ते फार आवडलं. दुसऱ्या बाजूला: वडिलांच्या आजारपणात दादानं रात्री दोन वाजता फोन केला तो मलाच. माझा मोठा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा दादा तीन रात्री बाकावर झोपला होता. हे नातं एका वाक्यानं संपेल यावर माझा किती विश्वास? पहिल्या दिवशी मी शंभरपैकी ९० लिहिलं होतं. त्या दिवशी ६० लिहिलं. नुसत्या विचारानं याहून खाली येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. आता करून बघावं लागेल.

करून बघणं हा भाग सगळ्यात अवघड होता आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा. सोप्यापासून अवघडाकडे एक शिडी केली. पहिली पायरी: नवी पेठेतल्या दुकानात चार साड्या उलगडून बघायच्या आणि एकही न घेता "नको" म्हणून उठायचं. आधी लिहायचं, काय होईल असं वाटतं. मी लिहिलं, दुकानदार बोलेल, मला रडू येईल. झालं काय? तो म्हणाला, "बरं ताई, पुन्हा या." पुढची पायरी: रिक्षावाल्याला जास्तीचे वीस रुपये परत मागायचे. त्याच्या पुढची: सलग तिसऱ्या वर्षी माझ्याच गळ्यात पडलेलं मतदार यादीचं काम यंदा दुसऱ्या कुणाला द्या, असं मुख्याध्यापकांना सांगायचं. आदल्या रात्री मला झोप आली नाही. त्यांच्या खोलीत शिरण्याआधी जिन्यात उभं राहून तोंड मिटून 'म्म्' केलं, ताईंनी शिकवल्यासारखं खांदे सोडले, श्वास पोटात घेतला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि यादीत दुसरं नाव लिहिलं. माझ्या अंदाजात आठ्यांनंतर बरंच काही होतं. त्यातलं काहीच घडलं नाही.

एक गोष्ट मला इथं आवर्जून सांगायची आहे. आवाजाचे व्यायाम आणि मनाचं काम यांची फारकत करू नये. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या मंडळींनी २००७ मध्ये एक छोटा अभ्यास मांडला. सीबीटीची कौशल्यं शिकलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञांनी काही रुग्णांना पाहिलं, काहींना नेहमीचेच उपचार दिले. आवाज दोन्हीकडे सुधारला, पण मनाची अवस्था पहिल्या गटात जास्त सुधारली. मला हे पटतं. नुसता आवाज मला शनिवारी अर्ध्या तासात मिळाला होता. तो टिकवायला तीन महिने लागले. त्याच खोलीबाहेर मला एक सोळा वर्षांचा मुलगा भेटायचा, मिसरूड फुटलेला पण आवाज बायकी राहिलेला. कॉलेजात चिडवतात म्हणून त्यानं बोलणंच सोडलं होतं. ताईंनी त्याचाही जाड आवाज असाच खोकल्यातून काढला आणि तो काही आठवड्यांत स्थिर झाला. पण त्या आवाजात मित्रांसमोर पहिल्यांदा बोलायला त्याला किती धीर गोळा करावा लागला, ते त्याच्या आईनं मला सांगितलं.

कुणी वाचणाऱ्याचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीनं तपासून घ्या. तंबाखू, विडी असेल तर अजिबात थांबू नका. मनाचं कारण आहे हे ठरवायचं ते आत बघितल्यावर, आधी नाही. आणि तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे काही झालेलंच नाही, असं समजू नका. समुपदेशक जवळपास नसेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा फोन आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. फोनवर बोलायलाच आवाज नसेल तर घरच्यांपैकी कुणीतरी लावावा.

आमच्या भागातल्या बायकांचा आवाज मोठा असतो. मागावर, विड्या वळायला बसलेल्या घोळक्यात, काही दिवसांनी एकदा येणाऱ्या नळाच्या पाण्यावर बारीक आवाजात निभावतच नाही. म्हणून मला पूर्वी वाटायचं, गप्प बसणं हा आमचा प्रश्न नाही. आता पालकसभेत या आयांकडे बघते तेव्हा लक्ष ठेवून असते. पाण्यावरून गल्ली डोक्यावर घेणारी बाई "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" असं विचारलं की पदराशी खेळत खाली बघते. मी प्रश्न पुन्हा विचारते आणि थांबते. पूर्वी मी थांबत नसे.

दादा नंतर दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग चुलत भावाच्या लग्नात त्यानं माझ्या ताटात जिलबी वाढली, तिथून थोडं थोडं सुरू झालं. त्यानं कर्ज दुसरीकडून, जास्त व्याजानं काढलं, आणि त्याचा राग त्याच्या मनात आहे. मला दिसतो. घर तसंच आहे, तिघांच्या नावावर. माझा आवाज त्यानंतर एकदा जूनमध्ये अर्धा दिवस गेला. घाबरले, पण खोकल्याचं शेपूट धरून परत आणता आला. काय बोलायचं राहिलंय, ते संध्याकाळी वहीत लिहिलं.

शिडीची शेवटची पायरी मार्चमधल्या एका रविवारी होती. बाळीवेशीत दुपारी गल्ली सामसूम होती. दादा खुर्चीत, मोबाइल बघत. वहिनी दारात. आई पलंगावर शेंगा फोडत बसलेली, चटणीसाठी. माझ्या अंदाजाच्या रकान्यात मी लिहून आणलं होतं: आवाज येणार नाही, विश्वास ७०. मी तोंड मिटून 'म्म्' केलं. मग म्हणाले, "दादा, आई आहे तोवर हे घर तारण ठेवायचं नाही. मी सही करणार नाही."

आवाज बारीक आला, मध्ये फाटला. दादानं मोबाइलवरून मान वर केली. वहिनी हलली नाही. कुणीच काही बोलेना. आईचे हात शेंगांवर थांबले होते. तिला अलीकडे कमी ऐकू येतं. तिनं डावा कान माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "मोठ्यानं बोल गं. मला ऐकू आलं नाही."

मी पुन्हा बोलले.